लाकडी घाणा: तेल चांगलं, पण गावाला पत्ताच नाही. 15 हजारांत काय करता येईल?

घाणेवाली

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं लाकडी घाण्याचं दुकान आहे, सात महिने झाले. शेंगदाणा, करडई, तीळ आणि मागणी असेल तसं खोबरेल. गाळा 10 बाय 20 चा, मुख्य रस्त्यापासून आत गल्लीत. रस्त्यावरून जाणाऱ्याने गल्लीच्या तोंडाशी मान वळवली तरच दिसतो. शेंगदाणा तेल 320 रुपये लिटर देतो, सगळं जाऊन लिटरमागे 45 सुटतात. एकदा नेलेलं गिऱ्हाईक परत येतं. अडचण नवीन माणसाची आहे.

आतापर्यंत केलेले उद्योग असे:

दिवाळीच्या आठवड्यात 5,000 पत्रकं छापून रविवारच्या पेपरमध्ये टाकली. छपाई 4,500 आणि टाकणावळ 1,500. फोन आले नऊ, त्यातले चार जण दुकानात आले.

फेसबुकवर पोस्टखालचं ‘बूस्ट’ बटण दाबून 2,000 घातले. लाइक 340. नावं बघितली तर निम्मे पुण्या-मुंबईचे, चार-पाच थेट सुरतचे.

चौकात 6 बाय 4 चा फ्लेक्स लावला, तो चौथ्या दिवशी नगरपरिषदेच्या गाडीने उचलून नेला.

आता हातात 15 हजार आहेत. रिक्षा फिरवावी का? इथला एक रीलवाला एका रीलचे 4,000 मागतोय. की दुकानाचा फलक बदलावा? सध्याच्या फलकावर कुलदैवताचं नाव, दुकानाचं नाव, आठ तेलांची यादी, दोन फोन नंबर आणि बैलाच्या घाण्याचं चित्र आहे.

अक्षरओळ

ताई, पहिला पैसा फलकावर घाला. पण दुकानावरच्या नव्हे, गल्लीच्या तोंडावरच्या.

हिशेब सोपा आहे. ताशी 40 च्या वेगाने दुचाकीवाला सेकंदाला 11 मीटर पुढे जातो. दिसलं, वाचलं, ब्रेक मारावा असं वाटलं, यात तीन सेकंद जातात. म्हणजे फलक 33 मीटरवरून, सुमारे 110 फुटांवरून वाचता आला पाहिजे. आरामात वाचायचं तर दर 10 फुटांना एक इंच अक्षर धरतात. तुमच्या मुख्य शब्दाचं अक्षर 11 इंच उंच हवं. दोन-तीन इंचाच्या अक्षरात लिहिलेली आठ तेलांची यादी दुचाकीवरून कुणी वाचत नाही.

इथे देवनागरीची एक खोच आहे. 11 इंच मोजायचे ते शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. वरची वेलांटी-मात्रा आणि खालचा उकार त्यात धरायचा नाही. डीटीपीवाला संगणकावर जो ‘साइज’ टाकतो त्यात मात्रा-उकारांची जागाही धरलेली असते, त्यामुळे 11 इंच म्हणून सांगितलेलं अक्षर भिंतीवर साडेसहा-सात इंचांचं भरतं. म्हणून त्याला फॉन्ट साइज सांगूच नका. प्रिंटला जाण्याआधी पडद्यावर ‘ल’ची उंची मोजून दाखवायला सांगा.

फलकावर दोनच शब्द: वरच्या ओळीत ‘तेल’, खालच्या ओळीत ‘घाणा’. या शब्दांना खाली उकार नाही आणि वर एकच मात्रा आहे, म्हणून कमी जागेत मोठं अक्षर बसतं. 3 फूट रुंद आणि 4 फूट उंच पुरे. 48 इंचात दोन ओळींचे 22, मात्रेला 4, ओळींमध्ये 5, खाली बाणाला 10, उरलेले वर-खाली मोकळे. दुकानाचं नाव या फलकावर नकोच, ते आतल्या फलकावर. माणूस नाव शोधत येत नाही, तेल शोधत येतो.

फलक भिंतीला चिकटवून नको, भिंतीला काटकोनात बाहेर काढलेला, दोन्ही बाजूंनी छापलेला हवा. भिंतीवरचा फलक समोर आल्यावर दिसतो, तोपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. काटकोनातला दोन्हीकडून येणाऱ्याला लांबून दिसतो. खालची कड जमिनीपासून किमान 9 फूट ठेवा, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीचा धक्का लागेल.

फ्लेक्स इथे वापरू नका. काटकोनातल्या फ्लेक्समध्ये वारा भरतो आणि रिंगा फाटतात. शिवाय उन्हात आधी पिवळा आणि लाल उडतो, निळा-काळा राहतो, मग वर्षाच्या आत फलक आजारी दिसायला लागतो. एक इंची चौकोनी पाइपची चौकट, त्याला गंजरोधक रेड ऑक्साइडचा हात, दोन्ही बाजूंना 3 मिलिमीटर एसीपी पत्रा (मध्ये प्लास्टिक, दोन्हीकडे ॲल्युमिनियम) आणि त्यावर लॅमिनेशन केलेलं व्हिनाइल. पिवळ्यावर काळं अक्षर घ्या. हिरव्यावर लाल अजिबात नको, लांबून दोन्ही एकमेकांत मिसळतात. अक्षर जाड हवं, पण ‘घ’ आणि ‘ण’ची पोकळी भरून जाईल इतकं जाड नको.

कोपऱ्यावरच्या घराच्या किंवा दुकानाच्या मालकाची लेखी संमती घ्या. भाड्याऐवजी महिन्याला एक लिटर तेल हा व्यवहार बहुतेक ठिकाणी जमतो. नगरपरिषदेची परवानगीही आधीच काढा. चौकातला फ्लेक्स उचलला गेला त्याचं कारण तेच असणार.

पहाटलाईन

पत्रकांचा हिशेब मांडू. 6,000 रुपयांत चार गिऱ्हाइकं, म्हणजे एक गिऱ्हाईक 1,500 ला पडलं. घरटी महिना तीन लिटर धरलं तर तुम्हाला 135 सुटतात. एका गिऱ्हाइकाचे पैसे वसूल व्हायला अकरा महिने. पण म्हणून पत्रक वाईट ठरत नाही. वार चुकला, कागद चुकला आणि वाटपही चुकलं.

वार: रविवारी पेपर जाड असतो आणि आत आणखी चार पत्रकं असतात. दिवाळीच्या आठवड्यात तर आठ-दहा. माणूस पेपर झटकतो आणि सगळी एकदम रद्दीत जातात. मंगळवार किंवा बुधवार घ्या. आणि तारीख महिन्याच्या 1 ते 5 मधली. तेल किराण्याच्या यादीबरोबर घेतलं जातं. 18 तारखेला घरात डबा अर्धा भरलेला असतो, तेव्हा तुमचं पत्रक वाचूनही काही होत नाही. दिवाळीचं म्हणाल तर फराळाचं तेल आदल्या आठवड्यातच घरात येऊन पडलेलं असतं. त्या सणाला पत्रक तीन आठवडे आधी जायला हवं.

कागद: गुळगुळीत आर्ट पेपर घेतला होता ना? तो घडीच्या पेपरमधून सरकतो. पोऱ्या तिसऱ्या मजल्यावर पेपर फेकतो तेव्हा पत्रक जिन्यात पडतं. 70 जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) साधा, बिनचकाकीचा मॅपलिथो घ्या, पेपरमध्ये धरून बसतो. त्यावर पेनाने लिहिताही येतं. आकार ए-5. ए-4 ला घडी घालावी लागते आणि टाकणारा कंटाळतो. एक रंगच छापा, पिवळ्या कागदावर काळं. खर्च बराच उतरतो आणि रंगीत गर्दीत तेच उठून दिसतं.

वाटप: सगळ्या गावात 5,000 टाकू नका. तुमच्या दुकानापासून चालत किंवा गाडीवर पाच मिनिटांच्या आतल्या पाच-सहा लाईनी (लाईन म्हणजे एका पोऱ्याचा पेपर टाकण्याचा ठरलेला भाग) निवडा, म्हणजे 800 ते 1,000 घरं. आणि त्याच घरांत तीन महिने, दर महिन्याच्या सुरुवातीला एकेकदा. 1,000 घरांत तीनदा गेलेलं पत्रक 3,000 घरांत एकदा गेलेल्या पत्रकापेक्षा जास्त कमावतं, कारण पहिल्यांदा डोळ्यांखालून गेलेलं नाव दुसऱ्यांदा ओळखीचं वाटतं.

पेपर वाटपाच्या डेपोवर पहाटे साडेचार-पाचला स्वतः जा. विक्रेत्याला गठ्ठे शंभर-शंभरचे मोजून द्या आणि प्रत्येक लाईनवर किती पेपर जातात ते आधी विचारा. लाईन 160 पेपरांची असेल तर 160 च द्या. जास्त दिलेली रद्दीत जातात आणि कमी दिली तर पुढची घरं सुटतात. साडेसात वाजता त्या त्या लाईनवरच्या ओळखीच्या पाच घरांत फोन करून पत्रक आलं का ते विचारा. हे एकदा केलंत की पुढच्या वेळी टाकणारा आपोआप नीट टाकतो.

आणि प्रत्येक लाईनच्या पत्रकाच्या कोपऱ्यात वेगळं अक्षर छापा किंवा शिक्का मारा: क, ख, ग. ‘हे पत्रक आणा, 1 लिटरवर 100 ग्रॅम तिळाची चटणी मोफत’ असं काही ठेवा. पत्रक परत आलं की कुठली लाईन चालली ते कळतं. दरात सूट देऊ नका. 320 चं तेल एकदा 290 ला दिलं की पुढच्या महिन्यात 320 महाग वाटतं.

छापायला देताना एक सांभाळा. तुम्ही मोबाइलवर टाइप करून पाठवलेला युनिकोड मजकूर छपाईवाल्याच्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये नेला की जोडाक्षरं फुटतात. ‘श्री’चं भलतंच होतं, रफार शेजारच्या अक्षरावर जातो. म्हणून अंतिम फाइल कर्व्हजमध्ये (अक्षरांचं चित्र करून) बदललेली पीडीएफच मागा आणि कागदावर प्रूफ काढून मोठ्याने वाचा. फोन नंबर तर त्या प्रूफवरूनच लावून बघा.

घाणेवाली

अक्षरओळ, पहाटलाईन, दोघांचे आभार. पहाटलाईन, कागद गुळगुळीतच होता, 90 जीएसएम. नवीन पत्रकाचा मजकूर असा केलाय, बघा जरा:

‘लाकडी घाण्याचे 100% शुद्ध तेल! कोलेस्टेरॉल फ्री, हृदयासाठी उत्तम, मधुमेह-सांधेदुखीवर गुणकारी. आपली बाटली घेऊन या आणि सुटे तेल घ्या, लिटरमागे 10 रुपये सूट. प्लास्टिक टाळा, निसर्ग वाचवा!’

लेबलतपासनीस

घाणेवाली, हे छापायला देऊ नका. तीन ठिकाणी अडकाल.

एक, आरोग्याचे दावे. खाद्यतेलाच्या वेष्टनावर ‘अँटी-कोलेस्टेरॉल’, ‘कोलेस्टेरॉल फायटर’, ‘हृदयाला सुखकारक’, ‘डबल रिफाइन्ड’ अशा अतिशयोक्तीच्या शब्दांना अन्नसुरक्षेच्या नियमांत नाव घेऊन मनाई आहे, आणि जाहिरातीतल्या दाव्यांना 2018 चे वेगळे विनियम आहेत. कोलेस्टेरॉल तर कुठल्याच वनस्पती तेलात नसतं, त्यामुळे फक्त आपल्याच तेलात नाही असं भासवणं ही दिशाभूल. मधुमेह-सांधेदुखी बरी होते असं लिहिलं की गोष्ट औषधाच्या दाव्याकडे जाते, आणि तिथे 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा उभा आहे. फसव्या जाहिरातीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं. छोट्या दुकानापर्यंत ते येत नाहीत असं म्हणाल, पण तक्रार करायला शेजारचा तेलवाला पुरतो.

दोन, सुटं तेल. खाद्यतेल पॅक करून, लेबल लावूनच विकायचं असा 2011 च्या विनियमांचा नियम आहे, राज्य सरकारने सूट दिली तर तेवढाच अपवाद. तुम्ही तर पत्रकातच लिहून देताय की आम्ही सुटं विकतो! त्याऐवजी काचेची बाटली परत घ्या, धुऊन वाळवून पुन्हा सील करून नवीन लेबल लावा, नाहीतर 5 लिटरचा कॅन द्या. लेबलवर निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, तुमचा पत्ता, तक्रारीचा नंबर आणि 14 अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक.

तीन, लिटर आणि किलो. शेंगदाणा तेल लिटरला साधारण 910 ग्रॅम भरतं. शेजारी किलोचा भाव लावत असेल आणि तुम्ही लिटरचा, तर गिऱ्हाईक सरळ आकड्याला आकडा लावून बघणार. तुमचे 320 रुपये लिटर म्हणजे किलोला सुमारे 352. पत्रकावर माप ठळक लिहा, म्हणजे काउंटरवर वाद नको.

मग लिहायचं काय? जे डोळ्यांना दिसतं ते. ‘तुमचे शेंगदाणे आणा, समोर गाळून तेल आणि पेंड दोन्ही घेऊन जा.’ ही गाळपाची मजुरी झाली, यात तुम्ही तेल विकत नाही. तरी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या. अडीच किलो दाण्यांतून सुमारे एक किलो तेल, असं छापलंत तर घरची बाई स्वतःच हिशेब करते आणि 320 का ते तिचं तिला कळतं. तुमच्या पत्रकातली सगळ्यात जोरदार ओळ तीच ठरेल.

चौकातल्या फ्लेक्सबद्दल: महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाचा 1995 चा कायदा आहे. परवानगीशिवाय लावलेल्या फलकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग पडून 17 माणसं गेली, तेव्हापासून सगळ्याच ठिकाणी तपासणी कडक झालेली आहे. विजेच्या खांबावर आणि झाडावर तर काहीच बांधू नका.

आणि दुकानावरच्या पाटीवर मराठी अक्षर इतर लिपीच्या अक्षरापेक्षा लहान असून चालत नाही. 2022 पासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे.

नकाशावाला

ऑनलाइनचं सांगतो, कारण तुमचे 2,000 त्यातच गेलेत.

‘बूस्ट’ बटण लाइक मिळवून देणाऱ्या लोकांकडे पोस्ट नेतं. लाइक देणारे लोक सगळीकडे असतात, तेल घेणारे दोन किलोमीटरवर असतात. पुढच्या वेळी फेसबुकच्याच ॲड्स मॅनेजरमधून करा. उद्देश ‘मेसेज’ निवडा आणि व्हॉट्सॲप नंबर जोडा. ठिकाणात जिल्ह्याचं नाव लिहू नका, दुकानावर पिन टाका आणि भोवती 5-6 किलोमीटरचं वर्तुळ ठेवा. प्रेक्षक आपोआप वाढवण्याची सोय चालू असते, ती बंद करता येते तिथे बंद करा. रोजचे 150 रुपये, दहा दिवस, तेही 28 ते 7 तारखेदरम्यान. 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो 1,500 च्या वर धरून चला. व्हिडिओ 15 सेकंदांचा, आणि पहिल्या दोन सेकंदांत घाण्यातून पडणारी तेलाची धार दिसली पाहिजे. बहुतेक लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून ‘अमुक बँकेच्या मागच्या गल्लीत’ हे व्हिडिओवरच लिहा.

पण याच्याही आधी गूगल मॅपवर दुकान टाका. फुकट आहे. पडताळणीला आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतात: न थांबवता, किमान 30 सेकंद, त्यात रस्ता, फलक, आतली यंत्रं आणि तुम्ही स्वतः शटर उघडताना दिसायला हवं. म्हणून आधी फलक, मग पडताळणी. दुकानावरच्या फलकावर एक नाव आणि प्रोफाइलवर दुसरं असलं की अर्ज परत येतो. नावात ‘बेस्ट लाकडी घाणा शुद्ध तेल सातारा’ असं कोंबू नका, प्रोफाइल बंद पडतं. पिन गाळ्याच्या दारावर आहे की मागच्या गल्लीत पडलीय ते झूम करून बघा. आत गल्लीतल्या दुकानांची निम्मी गिऱ्हाइकं तिथेच चुकतात. दुपारी बंद ठेवत असाल तर वेळ दोन भागांत लिहा. बंद दारासमोरून परत गेलेला माणूस रागाने एक तारा देतो.

परीक्षणं मागा, पण त्याबदल्यात तेल किंवा सूट देऊ नका, गूगलला चालत नाही. दुसऱ्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला मागा. त्याला तेल आवडलंय हे त्याच्या येण्यावरूनच कळतं. काउंटरवर क्यूआर कोड लावा आणि ‘कुठलं तेल, कशासाठी वापरलं ते लिहा’ एवढंच सांगा. ‘करडई तेल भाजीला’ असं कुणी लिहिलं की तसं शोधणाऱ्यालाही तुम्ही सापडता.

व्हॉट्सॲप बिझनेसवर एका ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. त्यामुळे बिल देताना तिथेच नंबर सेव्ह करून घ्या. नाव असं सुचवा: ‘तेल घाणा’. दोन वर्षांनी तुमचं नाव विसरला तरी तो ‘तेल’ म्हणूनच शोधेल. महिन्याला दोनच निरोप: एक 29-30 तारखेला भाव सांगणारा, दुसरा ताजी घाणी कधी निघणार ते सांगणारा. रोजचं सुप्रभात पाठवलंत तर लोक ब्लॉक करतात. विकत मिळणाऱ्या नंबरांच्या याद्या तर नकोच, चार जणांनी तक्रार केली की तुमचाच नंबर बंद.

रीलवाल्याला पैसे देण्याआधी त्याच्या इनसाइट्समधला (खात्याच्या आकडेवारीतला) ‘शहरे’ हा पडदा दाखवायला सांगा, मागच्या तीस दिवसांचा. तुमचं गाव आणि शेजारची गावं मिळून तिसरा हिस्सा तरी नसेल तर 4,000 कशाला? आणि पैसे घेऊन केलेल्या रीलवर ‘जाहिरात’ असं लिहायला लावा, ते बंधनकारक आहे.

बाजारकट्टा

वरच्या सगळ्यांनी कागद आणि मोबाइल सांगितला. ताई विकतायत ती वास येणारी वस्तू आहे, त्याचं कुणी बोललंच नाही.

घाणी संध्याकाळी साडेपाच ते साडेसातला चालवा. लोक कामावरून परतत असतात, तेव्हाच गल्लीत वास सुटू द्या. सकाळी अकराला चालवलेल्या घाणीचा वास कुणाच्या कामाचा?

आठवडी बाजारात एक टेबल लावा. तेल चमच्याने चाखायला देऊ नका, कच्चं तेल लोकांना नको वाटतं. ज्वारीच्या भाकरीचा चतकोर, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि वरून तेलाची धार. 3 किलो पिठाच्या 35-40 भाकरी होतात, म्हणजे दीडशे माणसांना चव. विक्रीला 200 मिलीची बाटली ठेवा, लेबलसकट. 320 रुपये काढायला माणूस कचरतो, 70 रुपये काढतो. आणि पेंड विसरू नका. बाजारात दूधवाले, म्हशीवाले येतात. शेंगदाणा पेंडीची पाटी टेबलाच्या पुढच्या बाजूला लावा. पेंड न्यायला आलेला माणूस घरी तेलाची गोष्ट नेतो.

रिक्षाबद्दल माझं मत बाकीच्यांपेक्षा वेगळं असेल, पण तालुक्याच्या गावात ती अजून चालते. फक्त लोक दीड मिनिटाचं भाषण रेकॉर्ड करतात, तिथे फसतं. रिक्षा ताशी 10 ने चालली तर सेकंदाला पावणेतीन मीटर. कर्ण्याचा आवाज दोन्हीकडे 50 मीटर समजतो. म्हणजे घरात बसलेल्या माणसाच्या कानावर तुम्ही 35 सेकंद असता. फीत 15 सेकंदांची केली तर तो ती दोनदा ऐकतो. पहिला शब्द ‘तेल’, शेवटचं वाक्य पत्ता, मध्ये गाणं नको. पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती 100 मीटरमध्ये भोंगा बंद. रात्री 10 ते सकाळी 6 चा प्रश्नच नाही. दुपारी दोनलाही फिरवू नका, झोपलेला माणूस गिऱ्हाईक होत नाही.

पहाटलाईन

बाजारकट्टा, रिक्षाला विरोध नाही, पण तिचं मोजमाप होत नाही हे मान्य करा. पत्रक परत येतं, रिक्षा परत येत नाही.

बाजारकट्टा

काउंटरवर वही ठेवली की होतं मोजमाप. उभे पाच रकाने: रस्त्यावरून दिसलं, पत्रक, मोबाइल, कुणी सांगितलं, रिक्षा. नवीन माणूस आला की ‘कसं कळलं?’ आणि एक रेघ. मात्र ‘आमची जाहिरात बघितली का?’ असं विचारू नका, माणूस भिडेखातर हो म्हणतो. आणि एका महिन्यात दोन नवीन गोष्टी सुरू करू नका, नाहीतर रेघा कुणाच्या ते कळत नाही. शिवाय ‘कुणी सांगितलं’ या रकान्यात नावही लिहा. तीनदा त्याच नावाची रेघ आली तर त्या घरी दिवाळीला लिटरभर तेल पोचवा.

घाणेवाली

सगळ्यांचं वाचून फलकापासून सुरुवात करतेय. कोपऱ्यावरचे किराणावाले काका तेलावर तयार झाले, परवानगीचा अर्जही उद्या देते. एसीपीचा दोन्ही बाजूंचा 3 बाय 4 चा फलक चौकटीसकट 7,200 सांगितलाय. फलकवाला म्हणतो बाणाखाली जागा उरते, तिथे फोन नंबर टाकू. टाकू का?

अक्षरओळ

नको. त्या जागेत दहा आकडे दोन इंचांत बसतील, म्हणजे 20 फुटांवर वाचता येणार, तोवर गाडी गल्ली ओलांडून गेलेली. बाणाखाली ‘आत 60 पावलं’ लिहा. अंतर खरं मोजा, काकांच्या पायरीपासून तुमच्या उंबऱ्यापर्यंत, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने. 60 च्या जागी 85 भरली तर 85 लिहा. आणि 7,200 मध्ये दोन्ही बाजूंचं लॅमिनेशन धरलंय का ते बिलावर लिहून घ्या, बऱ्याचदा नंतर वेगळं मागतात.